इगतपुरी-नाशिक-सिन्नर : एका रस्त्याच्या कडेला वाढलेला प्रदेश

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

सुरुवात एका नावापासून करू. डिसेंबर २००६ मध्ये भारत आणि जपान यांच्यात एक करार झाला आणि त्यातून दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर नावाचा अवाढव्य प्रकल्प उभा राहायला लागला. कल्पना अशी, की दिल्लीपासून मुंबईच्या बंदरापर्यंत फक्त मालगाड्यांसाठी वेगळा लोहमार्ग टाकायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात नवी औद्योगिक शहरं वसवायची. त्या आराखड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला जी नावं आली त्यातलं एक होतं 'इगतपुरी-नाशिक-सिन्नर गुंतवणूक क्षेत्र'.

आता गंमत बघा. तो मालगाड्यांचा मार्ग नाशिकवरून जातच नाही. तो वसईवरून सुरत-बडोद्याकडे वर जातो. नाशिक त्यात आलं ते दीडशे किलोमीटरच्या हिशोबात. आणि ही तीन गावं एकत्र आली ती मध्ये दोन छोट्या आडव्या रेघा टाकून. कागदावर रेघ टाकायला काय लागतं? पण इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि सिन्नरला त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. एकीकडे भात, एकीकडे बाजरी, मध्ये द्राक्षं. ही तीन गावं 'एक प्रदेश' आहेत हे ठरवलं कुणी?

उत्तर सोपं आहे. रस्त्याने. या भागात आधी रस्ता येतो, मग वस्ती येते आणि सगळ्यात शेवटी, धापा टाकत, प्लॅन येतो.

डोंगरावरचा जुना सातबारा

मुंबईहून नाशिकला येताना शहर लागायच्या जरा आधी उजव्या हाताला एक शंकूसारखा डोंगर दिसतो. पांडवलेणी. खाली महामार्गावर ट्रक धावतायत आणि वर दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी. आपल्यापैकी बरेच जण तिथे गेलेत, फोटो काढलेत आणि खाली उतरून मिसळ खाल्ली आहे. भिंतीवर काय कोरलंय ते मात्र फार थोड्यांनी वाचलंय.

दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्यात तो सांगतो की आपण भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौकोनी धर्मशाळा बांधल्या. म्हणजे आजचं भरूच, माळव्यातलं मंदसौर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि वसईशेजारचं नालासोपारा. ही नावं नकाशावर जोडून बघा. बंदरं, घाट चढून आल्यावरचं पहिलं मोठं ठिकाण आणि पुढे माळवा. आजचा आग्रा रोड जवळपास तेच काम करतो. पुढे तो म्हणतो की तापी, दमण, डहाणूकडच्या नद्या अशा ठिकाणी लोकांना फुकट पलीकडे न्यायला नावा ठेवल्या. विश्रांतीगृहं आणि टोलमाफी, दोन्ही एका लेखात!

पण मला त्याहून आवडतो तो पैशाचा भाग. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुठे? गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे. २००० एका श्रेणीकडे, महिना एक टक्का व्याजाने. १००० दुसरीकडे, महिना पाऊण टक्क्याने. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. फिक्स डिपॉझिटच की. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, फळ्यावर नोंदवलं, असंही लेखात आहे. निगमसभा म्हणजे गावच्या व्यापारी-कारागिरांची सभा. जाहीर वाचन आणि जाहीर नोंद. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन नंबरच्या लेण्यात तर आणखी एक कमाल आहे. नहपानाला हरवून गौतमीपुत्र सातकर्णी इथे आला. त्याचा एक आदेश कोरलाय, गोवर्धनच्या श्यामक नावाच्या अमात्याला दिलेला. मजकूर साधारण असा : आम्ही पूर्वी या डोंगरावरच्या भिक्षूंना काखडी गावातलं शेत दिलं होतं. पण आता ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही. म्हणून त्याऐवजी शहराच्या हद्दीवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तनं द्यावीत.

थांबा जरा. सरकारने दिलेली जमीन कागदावर होती, प्रत्यक्षात तिचा उपयोग शून्य. मग पर्यायी जमीन, तीही शहराजवळ. दुसऱ्या शतकातला हा मजकूर आजच्या एखाद्या प्रकल्पग्रस्त शेतकऱ्याला वाचून दाखवला तर त्याला काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

रेल्वे गावाबाहेर उतरली

मधली शतकं मी उडी मारून ओलांडतो, कारण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने पुढचा मोठा धक्का रेल्वेचा. १ जानेवारी १८६५ ला कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला मार्ग सुरू झाला. चढ ३७ ला १. आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. इगतपुरी हे रेल्वेचं गाव झालं ते तेव्हापासून.

पण नाशिकला रेल्वे गावात आलीच नाही. स्टेशन झालं गोदाकाठच्या जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटर लांब. त्याचं नावच पडलं नाशिक रोड. 'रोड' म्हणजे नाशिकला जायचा रस्ता जिथून सुटतो ते ठिकाण. मग स्टेशनाभोवती दुसरं गाव वाढलं. १९२५ मध्ये तिथे सिक्युरिटी प्रेस आला, तीन वर्षांनी नोटांचा छापखाना. शेजारी देवळालीची छावणी. एका शहराची दोन टोकं झाली आणि मधलं अंतर भरायला पुढची शंभर वर्षं गेली. आजही द्वारका ते नाशिक रोड या पट्ट्यात अडकलात की शिव्या ट्रॅफिक पोलिसांना घालू नका, एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांना घाला.

गाडगीळ, सातपूर आणि चाळीस मीटर

आता स्वातंत्र्यानंतर. मुंबई फुगत चालली होती आणि कारखाने अजून तिथेच येत होते. १९६५ मध्ये राज्य सरकारने मुंबई-पनवेल आणि पुणे या भागांच्या प्रादेशिक नियोजनासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. हो, तेच ज्यांचं नाव प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याशी जोडलेलं आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ, आणि जन्म नाशिकचा, १९०१ चा. त्यांचं म्हणणं होतं की एकच महाशहर वाढवत बसू नका. उद्योग पांगवा, अनेक केंद्रं तयार करा आणि शहराची हद्द न बघता आजूबाजूच्या गावांसकट सगळ्या प्रदेशाचा विचार करा.

पाठोपाठ महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आला. लोक त्याला एमआरटीपी म्हणतात. त्या नावात 'प्रादेशिक' शब्द 'नगर'च्या आधी आहे, हे लिहिणाऱ्यांनी उगाच केलं नसावं. प्रदेश ठरवायचा, त्याचं नियोजन मंडळ नेमायचं, आराखडा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या, मग मंजुरी. कागदावर अगदी निगमसभेसारखं.

नाशिकला मात्र उद्योग कायद्याची वाट बघत थांबले नव्हते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूर हे तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. १९६४ मध्ये मुंबईबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती देणारी योजना आली. त्याच वर्षी आग्रा रोडवर ओझरला एचएएल आलं आणि तिथे मिग विमानं बनायला लागली. पुढे अंबड, आणि अंबडच्या कामगारांना राहायला सिडकोचं नवीन नाशिक. मग मुंबईच्या दिशेने वाडीवऱ्हे, गोंदे. पुण्याच्या दिशेने सिन्नर. मायको आता बॉश झाली तरी चौकाला आपण मायको सर्कलच म्हणतो.

सगळी नावं पुन्हा एकदा रस्त्यावर ठेवून बघा. ओझर, अंबड, वाडीवऱ्हे, गोंदे : आग्रा रोड, जुना राष्ट्रीय महामार्ग ३. सिन्नर : पुणे रोड, जुना ५०. क्रमांक केव्हाच बदलले, बोलण्यात अजून आग्रा रोडच आहे. प्रदेश वर्तुळासारखा नाही वाढला. दोरीला गाठी मारत गेल्यासारखा वाढला.

याला आळा घालायला कायदा नव्हता असं समजू नका. मुंबई महामार्ग अधिनियम, १९५५ मध्ये महामार्गाच्या कडेला दोन रेषा सांगितल्या आहेत. एक इमारत रेषा, एक नियंत्रण रेषा. (काश्मीरवाली नाही, पण भांडणं तितकीच.) मोकळ्या भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नाही आणि ७५ मीटरपर्यंत जे काही कराल ते परवानगीने. हेतू असा की रस्त्याला चिकटून दुकानांची माळ लागू नये, कारण तशी माळ लागली की महामार्ग गावातला रस्ता होतो. इंग्लंडमध्ये याच दुखण्यावर १९३५ मध्येच कायदा करावा लागला होता.

आता तुम्हीच सांगा, घोटीपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत जाताना ही ४० मीटरची रेषा किती ठिकाणी दिसते? टपरी, मग पत्र्याचं शेड, मग गाळे, मग मंगल कार्यालय. प्रत्येकाची पोटापाण्याची गोष्ट खरी असते, त्यामुळे मला टपरीवाल्याला दोष द्यावासा वाटत नाही. पण परिणाम सगळ्यांनी भोगला. नाशिक शहर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वाढलं, शाळा एका बाजूला आणि घर दुसऱ्या, आणि रस्ता ओलांडताना माणसं मरायला लागली. शेवटी शहरातून लांबलचक उड्डाणपूल बांधावा लागला. आधी बाह्यवळण ठेवलं असतं तर? हा प्रश्न विचारायला आपल्याला चाळीस वर्षं उशीर झाला. म्हणून तर आता २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रिंगरोडची चर्चा पुन्हा जोरात आहे. आपल्याकडे मोठा रस्ता मिळायला कुंभमेळा यावा लागतो, बारा वर्षांनी एकदा.

एक गोष्ट मात्र झाली. १९८२ मध्ये नाशिक, नाशिक रोड-देवळाली, सातपूर या नगरपालिका आणि आजूबाजूची वीसेक खेडी एकत्र करून महापालिका बनली. पूर्वीच्या चुकीचं थोडं परिमार्जन. पण तोपर्यंत दोरीच्या पुढच्या गाठी या हद्दीच्या बाहेर पडायला लागल्या होत्या.

सिन्नरची गोष्ट

मला विचाराल तर या सगळ्या प्रदेशात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं सिन्नरमध्ये आहे. यादवांची जुनी राजधानी, गोंदेश्वराचं देऊळ, नंतर विड्या वळणारं गाव, आणि पूर्व भागात कायमचा दुष्काळ. इथल्याच लोकांनी मुसळगावला सहकारी औद्योगिक वसाहत उभी केली. सहकारी साखर कारखाना आपल्याला माहीत असतो, सहकारी एमआयडीसी किती जणांनी ऐकली आहे? शिवाय सरकारी एमआयडीसी माळेगावला. हे सिन्नरचं माळेगाव, यंत्रमागांचं मालेगाव वेगळं. कुरिअरवाल्यांचा गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

मग २००६ नंतर एसईझेडची लाट आली. मुसळगाव-गुळवंच भागात इंडियाबुल्सच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १३५० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला, पण वीज विकण्याचा करार नव्हता, कोळशाच्या रेल्वेमार्गाचं काम जमिनीपायी रखडलेलं, त्यामुळे तो वर्षानुवर्षं बंद राहिला. उरलेली बरीच जमीन रिकामी. ज्यांनी रोजगाराच्या आशेवर जमीन दिली त्यांच्या मुलांना ती ना कसायला मिळाली, ना तिच्यावर नोकरी मिळाली. काखडीचं शेत आठवलं का?

म्हणूनच २०१६-१७ मध्ये समृद्धी महामार्ग आला तेव्हा सिन्नर तालुक्यात लोक आधीच पोळलेले होते. सुरुवातीची योजना भूसंचयाची होती, लँड पूलिंग. जमीन द्या, बदल्यात नव्या नगरात विकसित भूखंड घ्या आणि काही वर्षं ठरावीक रक्कम. आंध्रात अमरावतीला असं केलं होतं. कल्पना म्हणून वाईट नाही. वाढणाऱ्या किमतीत शेतकऱ्यालाही वाटा मिळतो. पण ती चालायला एक गोष्ट लागते : ते नगर खरंच उभं राहील यावर विश्वास. शिवडे गावाने मोजणीच होऊ दिली नाही आणि त्या गावाचं नाव राज्यभर झालं. अखेर सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला, दर पाचपटीच्या घरात गेला आणि रस्ता मार्गी लागला.

पैसा आला. काही घरांत दुसरीकडे दुप्पट जमीन घेतली गेली, काही घरांत बंगला आणि गाडी, काही घरांत बहीण-भावांच्या सह्यांवरून बोलणं बंद. पण नियोजनाच्या दृष्टीने काय गमावलं ते बघा. रोख घेऊन जमीन दिली की पुढे त्या इंटरचेंजभोवती किंमत कितीही वाढो, मूळ मालकाचा त्यात वाटा नाही. तो वाटा 'समृद्धीपासून १० मिनिटांवर एनए प्लॉट' असा बोर्ड लावणाऱ्याचा.

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी, मे २०२३ मध्ये शिर्डी ते भरवीर, मार्च २०२४ मध्ये इगतपुरी आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे. ७०१ किलोमीटर पूर्ण, कसारा घाटाखालून जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यासकट. या मार्गालगत वीसेक कृषी समृद्धी नवनगरं व्हायची होती. रस्ता पूर्ण झाला, नवनगरांचं अजून बरंचसं नकाशावरच. पुन्हा तोच क्रम.

रेघेचं काय झालं?

आता परत त्या दोन आडव्या रेघांकडे. दिल्ली-मुंबई कॉरिडॉरमध्ये महाराष्ट्रात मोठं शहर खरंच उभं राहायला लागलं ते शेंद्रा-बिडकीनला, तेव्हाच्या औरंगाबादजवळ. नाव ऑरिक. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या कामाचं लोकार्पण झालं. इगतपुरी-नाशिक-सिन्नर यादीतच राहिलं.

आणि यात पाण्याचा एक पेच आहे तो बघाच. ऑरिकला पाणी जायकवाडीचं. जायकवाडी भरते ती मोठ्या प्रमाणावर वरच्या नाशिक-नगरच्या पाण्याने. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर समन्यायी वाटपाचं सूत्र आलं : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. मराठवाड्याच्या बाजूने बघितलं तर हे न्यायाचंच आहे, नदी काय फक्त नाशिकची नाही. दुसरीकडे इगतपुरी तालुक्यातलं अप्पर वैतरणा मुंबईला पाणी पुरवतं. म्हणजे या प्रदेशाची एक नळी पश्चिमेला, एक पूर्वेला, आणि मधल्या सिन्नरला टँकर. रस्त्याचा कॉरिडॉर सगळे काढतात. पाण्याचा कॉरिडॉर आधीपासून आहे, त्याच्याशी जुळवून प्लॅन करणारा मात्र दिसत नाही.

कारण करणार कोण? शहरात महापालिका. बाहेर २०१७ पासून नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, लोकांच्या भाषेत एनएमआरडीए. वसाहतींमध्ये एमआयडीसी. समृद्धीच्या नवनगरांत रस्ते विकास महामंडळ. देवळालीत छावणी परिषद. महामार्गावर केंद्राचं प्राधिकरण. पाण्याला जलसंपदा. गाडगिळांना अभिप्रेत असलेला 'प्रदेश' अस्तित्वात आहे, फक्त तो सात टेबलांवर पसरलाय. वाडीवऱ्ह्याच्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या सदस्याला गटाराचं पाणी महामार्गाच्या नाल्यात सोडायचंय, तर त्याने कुठल्या टेबलापुढे उभं राहायचं?

आराखडे प्रसिद्ध होतात, हरकती मागवल्या जातात, हे खरं. पण राजपत्र आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची सूचना किती जण वाचतात? उषवदाताने निदान सभेत मोठ्याने वाचून घेतलं होतं. तुमच्या गावाचा झोन कुठला, शेती की निवासी, तुमच्या गटातून रस्ता जातोय का, हे फोनवर पाच मिनिटांत बघता येतं. पिवळा रंग निवासी, हिरवा शेतीचा. घरातल्या मोठ्यांना नकाशा उघडून दाखवायचं काम तुमच्या वयाच्याच कुणीतरी करायला हवं, कारण प्लॉटिंगवाल्याने तो कधीच उघडून बघितलेला असतो.

जाता जाता सध्याची गोष्ट. मुंबई-पुणे-नाशिक याला आपण सुवर्ण त्रिकोण म्हणतो, पण नाशिक-पुणे या बाजूला अजून थेट रेल्वे नाही. २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग ठरला : नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण, पुणे. सिन्नर तालुक्यात काही जमिनींची खरेदीही झाली. मग अडचण आली नारायणगावजवळ खोडदला. तिथे जीएमआरटी आहे, आकाशातले रेडिओ संकेत टिपणाऱ्या ३० मोठ्या अँटेना. रेल्वेच्या विजेने त्यांच्या कामात अडथळा येईल, असा आक्षेप आला. त्यावर मार्ग शिर्डी-अहिल्यानगरकडून वळवायचा पर्याय पुढे आला, आणि संगमनेर-नारायणगावचे लोक जुन्याच मार्गासाठी आंदोलनं करू लागले. दुर्बीण तिथे १९९० च्या दशकापासून उभी आहे. रेल्वेची रेघ नकाशावर ओढताना ती कुणाला दिसली नसेल?

ज्यांनी सिन्नरला रेल्वेसाठी खरेदीखत करून दिलं त्यांच्या सातबाऱ्यावर आता दुसरं नाव आहे. त्या पट्ट्यातून गाडी जाणार की नाही, याचं उत्तर त्यांना कुठल्या टेबलावर मिळेल?